मुलांचे पाय: वयाबरोबर काय सुटतं आणि काय दाखवायलाच हवं

पोरगं चालायला लागलं की घरातल्या प्रत्येकाला त्याच्या पायांबद्दल मत असतं. आजीला ते फेंगडं चालतंय असं वाटतं, आत्याला तळवे सपाट दिसतात, सोसायटीतल्या कुणीतरी आपल्या मुलासाठी महागडे इनसोल करून घेतलेले असतात, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच की मालीशवाल्या बाईंनी पाय नीट ओढले असते तर ते सरळ आले असते. मुलांची फिजिओथेरपी करताना मी हे जवळपास रोज ऐकते. आई-बाबा घाबरून ज्या गोष्टी दाखवायला येतात, त्यातल्या बहुतेक वयाच्या असतात आणि वयाबरोबर जातात. ज्या खरोखर दाखवायला हव्यात, त्या मात्र ‘वाढेल तसं होईल नीट’ म्हणून वर्ष-दोन वर्षं राहून जातात.

हा फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात. दुखतंय का? एकाच पायाला आहे का? पाय कडक आहे का, म्हणजे हाताने हलवल्यावर वळत नाही असं आहे का? आणि महिन्यागणिक वाढत चाललंय का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर बहुधा घाईचं कारण नाही. एकाचं जरी ‘हो’ आलं तरी दाखवून घ्या. पुढे जे काही लिहिलंय ते याच चार प्रश्नांच्या आधाराने वाचा.

घरी कसं बघायचं

मुलाला चड्डीवर, अनवाणी उभं करा. बूट-मोज्यांत काहीच कळत नाही. आधी मागून बघा: दोन्ही टाचा सारख्या दिसतात का, पोटऱ्यांची जाडी सारखी आहे का, एखादी टाच जमिनीपासून उचललेली आहे का. मग समोरून: गुडघ्यांच्या वाट्या सरळ पुढे बघतात की एकमेकींकडे?

आता त्याला चवड्यांवर उभं राहायला सांगा. मग फक्त टाचांवर चार पावलं चालायला सांगा. मग उकिडवं बसवा. उकिडवं बसताना टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. टाचा उचलल्या जात असतील किंवा मूल मागे कलंडत असेल, तर पोटरीचे स्नायू आखडलेले असू शकतात. पूर्वी ही तपासणी संडासात रोज आपोआप होत असे. आता फ्लॅटमध्ये कमोडवर वाढलेल्या मुलांना उकिडवं बसायची वेळच येत नाही, त्यामुळे हे मुद्दाम बघावं लागतं.

जमिनीवर बसलेल्या मुलाला हात न टेकता उठायला सांगा. तीन-चार वर्षांचं मूल सहज उठतं. ते आधी ओणवं होऊन, मग स्वतःच्याच गुडघ्यांवर-मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढल्यासारखं उठत असेल, तर गोष्ट पायांची नसून स्नायूंच्या ताकदीची आहे. मुलगा असेल, पोटऱ्या भरदार दिसत असतील, जिना चढताना तो मागे पडत असेल आणि वारंवार पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा. ड्यूशेन नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार असा सुरू होतो आणि सुरुवातीला सगळे त्याला ‘धांदरट आहे’ म्हणून सोडून देतात.

शेवटी चालण्याचा व्हिडिओ काढा. सोसायटीच्या पॅसेजमध्ये पंधरा-वीस पावलं, एकदा समोरून, एकदा मागून, फोन मुलाच्या कमरेच्या उंचीवर धरून. दर सहा महिन्यांनी असा एक व्हिडिओ असला की ‘वाढत चाललंय का’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावं लागत नाही.

फेंगडे पाय, घासणारे गुडघे, आत वळलेली पावलं

पोटात बाळ पाय मुडपून राहिलेलं असतं, म्हणून जन्मतः पाय धनुष्यासारखे बाकदार असतात. दीड-दोन वर्षांपर्यंत ते तसेच दिसतात. मग गंमत होते. पाय सरळ होतात आणि तिथे न थांबता उलट्या बाजूला जातात. तीन-चार वर्षांचं मूल उभं राहिलं की गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. सात-आठ वर्षांपर्यंत हेही सरळ होतं. या काळात बूट, पट्टे, रात्री बांधायच्या दांड्या यांचा काहीही उपयोग नाही.

मोजायचंच असेल तर मुलाला उताणं झोपवून पाय सरळ करा. फेंगडेपणासाठी घोटे जुळवा आणि गुडघ्यांमधलं अंतर बघा. घासणाऱ्या गुडघ्यांसाठी गुडघे जुळवा आणि घोट्यांमधलं अंतर बघा. पहिल्यात साधारण ६ सेंटिमीटर आणि दुसऱ्यात ८ सेंटिमीटरच्या पुढे आकडा गेला, किंवा दोन पाय वेगवेगळे दिसले, किंवा दोन वर्षांनंतरही बाक वाढतच राहिला, तर दाखवायचं.

इथे मुडदूस, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं, विसरू नका. हा गरिबीचा, खेड्यातला आजार आहे असा समज आहे, पण पुण्यात भरपूर ऊन असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता चांगल्या घरांतल्या मुलांतही दिसते. मूल सकाळी पाळणाघरात, दुपारी एसी गाडीत, संध्याकाळी घरात असलं तर बाहेरच्या उन्हाचा त्याला काय उपयोग? बाकदार पायांबरोबर मनगटं जाड दिसणं, दात उशिरा येणं, चालायला उशीर, चालताना डुलणं यांतलं काही असेल तर रक्ततपासणी आणि मनगट-गुडघ्याचा एक्स-रे एवढ्यावर निदान होतं. पहिल्या वर्षात प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. ते थेंब सहाव्या महिन्यात बंद करू नका. आणि एक कळकळीचं सांगणं: घरातल्या मोठ्यांसाठी आणलेलं ६०,००० युनिटचं सॅशे ‘आठवड्यातून एकदाच तर आहे’ म्हणून मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. त्याचा अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

चालताना पावलं आत वळण्याची कारणं वयाप्रमाणे बदलतात. तान्ह्या बाळात फक्त पुढचा चवडा आत वळलेला असतो. बोटाने हलकेच बाहेर ढकलला तर तो सरळ होत असेल, तर पहिल्या वर्षभरात तो बहुधा आपोआप सुधारतो. एक ते तीन वर्षांत नडगीचं हाड पिळलेलं असतं. त्यानंतर मांडीचं हाड. मांडीच्या हाडामुळे ज्यांचे पाय आत वळतात ती मुलं दोन्ही पाय मागे बाहेर टाकून बसतात आणि घरात दिवसभर ‘मांडी घालून बस’चा जप चालू असतो. पण तसं बसल्यामुळे पाय वळलेले नाहीत. पाय तसे असल्यामुळे त्यांना तसं बसणं सोपं जातं. सांगा हवं तर, रागावू नका. आठ-दहा वर्षांपर्यंत यातली बहुतेक मुलं सरळ चालू लागतात.

सपाट तळवे आणि इनसोलचा बाजार

शहाबादी फरशीवर ओल्या पायांनी चालवलं की तळव्याचा ठसा छान उमटतो. लहान मुलाचा ठसा मधल्या भागातही भरलेला असतो. तीन-चार वर्षांपर्यंत तो जवळजवळ सगळ्यांचाच तसा असतो, कारण तिथे चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात. कमान हळूहळू, दहाव्या वर्षापर्यंत घडत जाते. काहींची मोठेपणीही सपाटच राहते आणि ते त्या पायांनी सिंहगड चढतात, वारीला जातात, कबड्डी खेळतात.

सपाट असण्यापेक्षा ते पाऊल लवचिक आहे की कडक, हे बघायचं. मूल चवड्यांवर उभं राहिलं की कमान दिसते का आणि टाच आतल्या बाजूला वळते का? किंवा मूल उभं असताना त्याचा अंगठा हाताने वर उचला. कमान उमटली तर पाऊल लवचिक आहे. दुखत नसेल तर इथे विषय संपला. एक्स-रे नको, खास बूट नकोत.

कमान उमटतच नसेल, आठ-दहा वर्षांच्या पुढे पाऊल दुखू लागलं असेल, घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत असेल, उंचसखल जमिनीवर चालायला त्रास होत असेल, तर ते कडक सपाट पाऊल आहे. पावलातली दोन हाडं जन्मतः एकमेकांना जोडलेली असली की असं होतं, आणि हाडं पक्की होऊ लागली की म्हणजे वाढत्या वयात त्याचा त्रास जाणवू लागतो. याला एक्स-रे, कधी सीटी स्कॅन लागतो.

आता इनसोलबद्दल. सोसायटीत, शाळेत, मॉलमध्ये पायाचं स्कॅन करून रंगीत चित्र हातात देणारी शिबिरं भरतात आणि त्या चित्रात लाल रंग दिसला की हजारो रुपयांचे इनसोल घेतले जातात. लवचिक, न दुखणाऱ्या पावलात इनसोल घातल्याने कमान तयार होत नाही. ते काढले की पाऊल होतं तसंच असतं. दुखत असेल, लवकर थकवा येत असेल, तर साधे, मऊ, तयार मिळणारे इनसोल आराम देतात. त्यासाठी घ्यायला हरकत नाही. घेण्यापूर्वी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: हे नक्की कशासाठी, किती दिवस, आणि नाही घातले तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर नीट ऐका.

चवड्यांवर चालणारं मूल

नुकतं चालू लागलेलं मूल अधूनमधून चवड्यांवर चालतं. दोन-तीन वर्षांपर्यंत त्याची काळजी नको. तीन वर्षांनंतरही बहुतेक वेळ तसंच चालत असेल तर दाखवा. एकाच पायाने तसं चालत असेल, किंवा आधी नीट टाच टेकवून चालणारं मूल नव्याने चवड्यांवर चालू लागलं असेल, तर वयाची वाट बघू नका. कधी ही नुसती सवय असते. कधी टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी) आखडलेली असते, कधी जन्मावेळच्या मेंदूच्या इजेचा सौम्य परिणाम असतो, आणि स्वमग्न मुलांतही हे दिसतं. कारण कळल्याशिवाय व्यायाम सुरू करण्यात अर्थ नाही.

चाकांच्या वॉकरबद्दल मी जरा कडक आहे. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट चवड्यांवर ढकलत जायची सवय लागते, आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्येच या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. उभं राहून मागून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा कितीतरी बरा, कारण त्यात मूल स्वतःच्या पायांवर, टाचा टेकवून उभं असतं.

जन्मतः वाकलेलं पाऊल

इथे मात्र थांबायचं नाही. बाळाचं पाऊल खाली आणि आत वळलेलं आहे, टाच वर ओढलेली आहे आणि हाताने सरळ केलं तरी होत नाही, तर तो क्लबफूट आहे. साधारण ८०० ते १,००० बाळांमागे एकाला तो असतो, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. ग्रहणाचा, आईने काही कापल्याचा किंवा गरोदरपणात पाय दुमडून बसल्याचा याच्याशी संबंध नाही. हे इतक्या वेळा सांगूनही प्रत्येक नव्या आईच्या डोळ्यांत तो प्रश्न असतोच.

आज जगभर यावर पॉन्सेटी पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी ती बसवली. जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच उपचार सुरू करायचे. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, पुढच्या आठवड्यात ते काढून थोडं आणखी वळवतात. अशी साधारण पाच ते सात प्लास्टरं लागतात. त्यानंतर बहुतेक बाळांत टाचेमागची शीर एका बारीक छेदातून कापावी लागते. ऐकायला भयंकर वाटतं, पण बधिर करून काही मिनिटांत होतं आणि शीर पुन्हा जुळून येते. शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहतं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. एका दांडीला जोडलेले दोन बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे, आणि मग रात्री व दुपारच्या झोपेत, चौथ्या वर्षापर्यंत. पाऊल तर सुंदर सरळ दिसत असतं, बाळ रडतं, आजी-आजोबांना बघवत नाही, आणि एके रात्री बूट राहतात. मग दुसऱ्या रात्री. पाऊल परत वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. म्हणून प्लास्टर चालू असतानाच घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसा बाळाला सांभाळणाऱ्यांना, डॉक्टरांपुढे बसवा. बूट घालताना टाच तळाशी पूर्ण टेकली आहे ना ते बघायचं, आधी मधला पट्टा आवळायचा, आत सुती मोजा. पहिले दोन-तीन दिवस बाळ कुरकुरतं. दोन्ही पाय एकदम हलवायला शिकलं की शांत होतं. तेच खेळ म्हणून शिकवा: दांडी धरून गुडघे एकत्र दुमडायचे, एकत्र सरळ करायचे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे उपचार मोफत मिळू शकतात. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा सरकारी दवाखान्यातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातही थेट दाखवता येतं. खासगीत जायचं असेल तर एकच विचारा: इथे पॉन्सेटी पद्धतीने किती बाळं नियमित बघता?

मालीशबद्दलही इथेच सांगते. तेल लावून हलक्या हाताने चोळणं उत्तम. पाय ओढणं, पिळणं, आणि मग दोन्ही पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळणं हे नको. खुब्याचा सांधा उथळ असेल तर अशा गुंडाळण्याने तो निखळू शकतो. दुपटं छातीला हवं तर नीट गुंडाळा, खाली पाय बेडकासारखे हलते राहू द्या.

‘आई, पाय दुखतात’

तीन ते बारा वर्षांतलं मूल दिवसभर हुंदडतं आणि रात्री पाय दुखतात म्हणून रडतं. दोन्ही पोटऱ्या, मांड्या किंवा गुडघ्यांच्या मागे दुखतं, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी ते परत धावत असतं. ही वाढीच्या वयातली दुखणी. गरम पाण्याची पिशवी, मालीश, झोपण्यापूर्वी पोटरी ताणण्याचा व्यायाम, फारच दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल.

सकाळीही लंगडणं, नेहमी एकाच जागी दुखणं, सूज, ताप, वजन कमी होणं, खेळ सोडून बसणं यांतलं काहीही या चित्रात बसत नाही. आणि मूल बोट गुडघ्याकडे दाखवतं तेव्हा खुबाही तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. चार ते आठ वर्षांत पर्थीझ आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि दहा ते पंधराच्या वयात, विशेषतः वजनदार मुलांत, तेच डोकं जागेवरून घसरू शकतं. दुसऱ्या प्रकारात मुलाला चालवतसुद्धा नेऊ नये.

टाचदुखीचं सर्वांत नेहमीचं कारण सीव्हर्स. डॉ. जेम्स सीव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आठ ते चौदा वर्षांची फुटबॉल, बॅडमिंटन, ॲथलेटिक्स खेळणारी मुलं; उंची भराभर वाढत असते, पोटरी त्या मानाने आखूड पडते आणि टाचेच्या हाडाची वाढणारी कड ओढली जाते. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की मूल ओरडतं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, पातळ तळव्याच्या फुटबॉलच्या बुटांत तासन्‌तास खेळणाऱ्यांत हे खूप दिसतं. उपचार साधा, पण धीराचा आहे:

भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. अर्धा मिनिट थांबायचं. प्रत्येक पायाला तीन वेळा, दिवसातून दोनदा. मग हेच गुडघा किंचित वाकवून. बुटात दोन्ही टाचांखाली जेलची टाचपट्टी घालायची, एकाच नको. खेळून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. काही आठवडे धावणं-उड्या कमी करून पोहणं किंवा सायकल. खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. दुसऱ्या दिवशी लंगडत नाही इतपत खेळू द्या. प्रशिक्षकांशी स्वतः बोला, मूल बोलणार नाही.

ताप असताना लंगडणारं किंवा पाय टेकवायलाच नकार देणारं मूल ही वेगळी गोष्ट आहे. सांध्यात पू झाला असेल तर काही तासांचाही उशीर सांध्याला महागात पडतो. रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

तान्हं बाळ उगाच रडतंय, दूध घेऊनही थांबत नाही, तर मोजे काढून प्रत्येक बोट बघा. आईचा गळलेला केस मोज्यात जाऊन बोटाभोवती आवळला जातो आणि बोट लालजांभळं होऊन सुजतं. बाळंतपणानंतर केस गळतात त्या महिन्यांत हे जास्त होतं. केस दिसत नसला तरी सुजेखाली रुतलेला असतो. ताबडतोब डॉक्टर. आणि मोजे धुतल्यावर उलटे करून बघायची सवय ठेवा.

पावसाळा, घाम आणि त्वचा

जून ते सप्टेंबर शाळेचे ओले बूट दिवसभर पायांत राहतात. बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी, भिजल्यासारखी होऊन खाजू लागली की त्या चिखल्या. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं हा अर्धा उपचार, बुरशीवरचं साधं मलम उरलेला अर्धा. बरं वाटल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावायचं. मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज लगेच थांबते आणि बुरशी पसरते. ट्यूब घेण्यापूर्वी त्यात स्टेरॉइड आहे का, हे विचाराच.

बेचक्या स्वच्छ आहेत, पण चवड्याची आणि अंगठ्याची त्वचा चकचकीत, लाल, कोरडी होऊन चिरते आहे, तर ती बुरशी नसून घामाने आणि रेक्झिनच्या बुटांमुळे होणारा त्रास असतो. सुती मोजे, घरी आल्याआल्या बूट काढणं, रात्री भरपूर व्हॅसलीन. शाळेत जाताना दप्तरात मोज्यांचा दुसरा जोड, आणि रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

तळव्यावर टणक गाठ दिसली तर ती कुरूप की चामखीळ? सरळ दाबून दुखलं तर कुरूप, दोन बाजूंनी चिमटीत धरून दुखलं आणि बारीक काळे ठिपके दिसले तर चामखीळ. मुलांत बहुधा चामखीळच असते. ब्लेडने खरवडू नका, ती पसरते. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रोज रात्री, आधी पाय कोमट पाण्यात भिजवून आणि आजूबाजूला व्हॅसलीन लावून. बारा आठवडे तरी चिकाटी लागते. काहीच न करताही बऱ्याच चामखिळी एक-दोन वर्षांत जातात. पोहण्याच्या तलावावर चपला घालायच्या.

नखं सरळ कापा, कोपरे खोल गोल करू नका. नख रुतून लाल झालं तर कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पू झाला तर डॉक्टर.

तळहात-तळव्यांवर फोड, तोंडात छाले आणि थोडा ताप: हा हात-पाय-तोंडाचा संसर्ग. पाळणाघरातून आणि बालवाडीतून झपाट्याने पसरतो, आठवडा-दहा दिवसांत जातो. या काळात मुलाला शाळेत पाठवू नका, पाणी पीत राहतंय ना ते बघा.

दुचाकीच्या शहरातल्या इजा

पुण्यात अर्धी मुलं स्कूटरवर वाढतात. सायकल किंवा मोटरसायकलच्या मागच्या चाकात टाच अडकण्याची इजा आपल्याकडे नवी नाही. वरून खरचटल्यासारखी दिसते, पण आतली त्वचा चिरडलेली असते आणि काही दिवसांनी ती काळी पडते. हाड जिथून वाढतं त्या टोकाच्या वाढीच्या कडेलाही मार बसलेला असू शकतो. म्हणून जखम किरकोळ वाटली तरी वाहत्या पाण्याने धुऊन, स्वच्छ कापड बांधून त्याच दिवशी दाखवा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी हवी, आणि मुलाच्या पायांत मागे पट्टा असलेले सँडल. मॉलच्या सरकत्या जिन्यावर मऊ रबरी क्लॉग अडकतात. तिथे मुलाला मधोमध उभं करून हात धरा.

घोटा मुरगळला तर मुलांत फक्त ‘लचक’ असेल असं धरून चालू नका. मुलांच्या सांध्यांचे बंध वाढीच्या कडेपेक्षा मजबूत असतात, त्यामुळे बंध ताणण्याऐवजी हाडाची कड सरकते. घोट्याच्या हाडावर दाबून दुखतंय किंवा चार पावलंही टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. पहिले दोन दिवस आराम, बर्फ, पाय उंचावर. या दिवसांत शेक, गरम लेप आणि चोळणं तिन्ही नको, आणि हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेणं तर नकोच.

काटा किंवा काच रुतली तर वर दिसणारा भाग स्वच्छ चिमट्याने काढा, आत खोल गेलेलं खोदू नका. बुटातून खिळा घुसला असेल तर जखम लहान दिसली तरी दाखवा, कारण तळव्यातून जंतू थेट हाडापर्यंत जातात. तान्हेपणीच्या डोसांनंतर धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकानुसार दीड ते दोन वर्षांत, पाच-सहा वर्षांत, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी असते. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

बूट घेताना

शाळेचे बूट दोन माप मोठे घेऊन पुढे कापूस कोंबण्याची आपली पद्धत पैसे वाचवते, पण त्या बुटांत मूल बोटं आवळून चालतं. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर एवढी जागा पुरे.

लक्ष्मी रोडला जायचं तर संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मोजे घरून घालून न्या. दोन्ही पाय उभं राहून मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. बुटातला आतला तळवा बाहेर काढून मुलाला त्यावर उभं करा. बोटं पुढे किंवा कडेला बाहेर येतात का ते लगेच दिसतं. दुकानदार वरून अंगठा दाबून ‘भरपूर जागा आहे’ म्हणतो त्यापेक्षा हे खात्रीचं, कारण दाबलं की मुलं बोटं दुमडून घेतात. मग बूट हातात घ्या. टाचेची बाजू टणक हवी, पुढे बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. बंद किंवा पट्टा हवा.

तीन वर्षांखालच्या मुलांचं माप दर दोन-तीन महिन्यांनी बघा, पुढे चार-सहा महिन्यांनी. पांढरे पीटीचे बूट लोक तपासतच नाहीत, ते वर्षभर तसेच राहतात. थोरल्याचे बूट धाकट्याला द्यायचे असतील तर टाच एका बाजूला झिजलेली नाही ना ते बघा. आणि घरात, गवतावर, सारसबागेत अनवाणी चालू द्या. फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी मंदिराच्या किंवा पर्वतीच्या तापलेल्या दगडांवर नको. तिथे तळवे खरोखर भाजतात. भाजलेच तर वीस मिनिटं वाहतं पाणी. तूप नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडणं नाही.

कुणाकडे, काय घेऊन

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. हाडांचं असेल तर मुलांची हाडं बघणारे अस्थिरोगतज्ज्ञ शोधा. मोठ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया करणारे नामवंत डॉक्टर यासाठी योग्य असतीलच असं नाही. जाताना चालण्याचे व्हिडिओ, रोज वापरातले जुने बूट, जन्माचा तपशील, बसायला-चालायला कधी लागला ते, आणि घरात कुणाला असं काही होतं का हे लिहून न्या. मुलाला सहज वर घेता येईल अशी हाफ पँट घाला. आधीचे एक्स-रे असतील तर तेही न्या, म्हणजे पुन्हा काढावे लागणार नाहीत.